भानुमतीचा भाता

३ सप्टेंबर २००५

भाता बंद!

शेडमध्ये सगळ्यांना उभं केलं आणि मीनाक्षीताईंनी भिंतीवर मोठा कागद चिकटवला. कागदावर नवा कॅमेरा. चौकोनी, धातूचा डबा. बाजूला लाकडाची मूठ, वर पितळी खुंट्या. मागं म्हणे हॉलंडच्या कंपनीचा डोळा बसणार. त्याला फिल्म लागत नाय, कॉम्प्युटरला जोडला की फोटो तयार. मी कागद वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला. भाता कुठंच नाय!

म्हणलं, “ताई, भाता राहिला काढायचा.”

“राहिला नाही,” त्या म्हणाल्या. “नव्या कॅमेऱ्याला भाता नाही. बंद करतोय आपण.”

बंद करतोय आपण. आपण म्हणे! मला कुणी विचारलं? साळूमावशीला विचारलं? ती तर तिथंच बाकड्यावर बसून पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावत होती. तिचा हात तेवढा थांबला. आणि नाना — ताईंचे वडील, ज्यांनी हा कारखाना काढला, कॅमेऱ्याला बायकोचं नाव दिलं, ‘भानुमती’ — ते खुर्चीत बसून बघत होते. लकव्यानं तोंड वाकडं झालंय, बोलायला कष्ट पडतात, मान्य. पण मान तर हलवता येते! नाय हलवली.

कडूबामामा सुतार लगेच पुढं — “लाकूड सागाचंच ना, ताई?” जानीचाचा पितळवाले — “खुंट्या कित्ते होना?” म्हणजे लाकूड राहिलं. पितळ राहिलं. गेला तो भाता. गेलो आम्ही दोघं, मावशी आणि मी.

मग माझं तोंड सुटलं. म्हणलं, “येऊ द्या तो हॉलंडचा डोळा. फुफाटाच घालतो त्याच्यात!”

सगळे हसले. मी हसवायला बोललो नव्हतो.

४ सप्टेंबर

जेवलो नाय. डबा तसाच परत.

६ सप्टेंबर

खाणावळीत शेजारच्यानं विचारलं, काय काम करतो? म्हणलं, भाते बनवतो. “लोहाराचे?” म्हणलं, कॅमेऱ्याचे. तर असा हसला की आमटी माझ्या ताटात उडाली. तोंडानं सांगताच येत नाय मला. सातवीला दोनदा बसलो, दोनदा पडलो. हाताला मात्र सगळं येतं. इथं लिहून ठेवतो. उद्या विचारायला बी कुणी राहणार नाय.

आपला कॅमेरा खिशातला नाय. तीन पायांवर उभा राहतो. पुढच्या पाटीला भिंग, मागच्या पाटीला फिल्म आणि दोन्हीच्या मधी भाता — घड्याघड्यांचा, मागं रुंद, पुढं निमुळता. ओढला की लांबतो, दाबला की पोळीसारखा बसतो. आतला अंधार तो धरून ठेवतो. सुईच्या टोकाएवढा उजेड आत शिरला तरी फोटो मेला. म्हणजे सागवान किती बी गुळगुळीत करा, पितळ किती बी चमकवा, अंधार फुटला तर काय उपयोग? आणि ह्या म्हणतात गरज नाही!

बाहेरून शेळीचं पातळ चामडं, आतून काळं कापड, मधी पुठ्ठ्याच्या पट्ट्या. खळ मैद्याची, तिच्यात मोरचूद, नायतर झुरळं खातात. पट्टी कुठं चिकटवायची, घडी कुठं मोडायची, त्याचा नमुना आहे. जस्ताचा पत्रा, त्यावर खिळ्यानं कोरलेल्या रेघा. नानांनी स्वतः कोरल्या. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाल्यावर शहागंजमधला एक फोटोग्राफर दुकान टाकून हैदराबादला निघून गेला. त्याचा विलायती कॅमेरा फिरत फिरत नानांच्या हाती आला. भाता फाटलेला. नाना तेव्हा वीस-बावीसचे, छापखान्यात कामाला. तो फाटका भाता त्यांनी उकलला, छापखान्यातल्या जस्ताच्या पत्र्यावर पसरला आणि रेघ न् रेघ उतरवून घेतली. तिथून सगळं सुरू झालं. पुढं लाकडाची मापं दहादा बदलली, पितळ बदललं. पत्रा तोच. एकच.

मावशी म्हणते, पत्र्यावर कोपर टेकायचा नाय. तरी टेकतोच माझा.

१२ सप्टेंबर

आज ताईंच्या खोलीत घुसलो. न विचारता.

म्हणलं, “जपानचा माणूस दोन-दोन वर्षं थांबतो आपल्या कॅमेऱ्यासाठी. अमेरिकेचा तो दाढीवाला गेल्या साली इथं आला, भाता कसा होतो ते पाहिलं आणि मावशीच्या पाया पडला. वर्षाला चाळीस करतो आपण, चाळीसच्या चाळीस बाहेरदेशी जातात. आणि तुम्ही बंद करता?”

त्यांनी ओरडायला पाहिजे होतं. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी खुर्ची पुढं केली. एक इंग्रजी पत्र काढून मराठीत वाचून दाखवलं. एका कंपनीनं आपल्या मापाची फिल्म बनवणं सोडलं. मग दुसरं पत्र. मग तिसरं.

“फिल्मच मिळाली नाही तर तुझा भाता कशासाठी ओढायचा? लोक शोभेला ठेवतील. दिवाणखान्यात, फुलदाणीशेजारी. चालेल तुला?”

पत्रं खरी होती. ह्याचाच तर राग! खोटं बोलणाऱ्यावर चिडता येतं. हिच्यावर कसं चिडायचं?

मग म्हणाल्या, “तुला काढणार नाही. पॅकिंगला घेते.”

पॅकिंग! सहा वर्षांमागं देगलूरहून आलो तेव्हा पॅकिंगलाच होतो. खोक्यात लाकडाचा भुसा भरायचो. माझं नाव बी कुणी विचारलं नाय, गावावरनं ‘देगलूर’ म्हणायला लागले ते आजपर्यंत. मावशीनं एकदा पट्टी धरायला बोलावलं, मग खळ ढवळायला, मग घडी मोडायला. भुशातून निघायला मला तीन वर्षं लागली. ह्या मला एका वाक्यात परत भुशात घालतायत.

“आणि मावशी?”

“त्यांचं वय झालंय रे.”

दार आपटलं मी. काच तडकली. तडकू दे.

१३ सप्टेंबर

कडूबामामा म्हणतो, “देगलूर, दाराची काच तुझ्या बापानं बसवली होती का?” म्हणलं, “बाप काढू नका.” म्हणतो, “मग तू आवाज काढू नको.” रंधा मारत मारत बोलतो, वर बघत बी नाय. त्याचं काय जातंय! त्याचा साग शाबूत.

१९ सप्टेंबर

मावशी दौलताबादहून जीपनं येते, क्रांती चौकात उतरते. मी तिथं उभा राहतो, मग आम्ही चिकलठाण्याची बस धरतो. लोकांना वाटतं पोराची म्हातारीवर माया. माया आहेच. पण खरं कारण वेगळं. तिला बसची पाटी दिसत नाय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

हे कुणालाच माहीत नाय. दीड वर्ष झालं.

भाता झाला की काळ्या खोलीत नेतो. भात्याच्या आत बल्ब सोडायचा, खोलीचं दार लावायचं. कुठं भोक राहिलं असलं तर चांदणीसारखं चमकतं. आधी मावशी बघायची आणि मी शिकायचो. आता ती विचारते, “चांदण्या किती रे?” मी म्हणतो, “तीन. एक कोपऱ्यात, दोन खालच्या घडीला.” माझं बोट धरून ती तिथपर्यंत जाते, काजळी आणि सरस लावते. बोटाची चूक म्हणून होत नाय.

ऑपरेशन करून घे म्हणलं की म्हणते, “पट्टी बांधून महिनाभर घरी बसले, तर पुन्हा बोलावतील का मला?” नवरा मेल्यापासून ती गुलमंडीच्या बायंडिंगवाल्याकडं होती, तिथून नानांनी आणली. तिला हे काम म्हणजे काम नाय. तिचे डोळे गेले तरी हात इथं बघतात.

आजचा भाता. विचारलं, “किती?”

“एक बी नाय.”

“बघ नीट.”

“नाय मावशी. काळाकुट्ट.”

ती अंधारात हसली. “म्हणजे जाता जाता जमलं म्हण की.”

मला हसू आलं नाय. भिंतीला लाथ घालावी वाटली.

२२ सप्टेंबर

गावाकडं फोन लावला. थोरला भाऊ म्हणतो, “काम बंद होत असलं तर ये निघून. इथं माझ्यासंगं गाडीवर हमाली कर.” म्हणलं, बंद होत नाय. म्हणतो, “मग कशाला फोन केला?” खरंच कशाला केला! दहा तास यष्टीत बसून मी इथं हमाली टाळायलाच आलो होतो ना?

२८ सप्टेंबर

आला तो डोळा!

खोक्यात खोकं, त्यात स्पंज, स्पंजात तो. तळहाताएवढा काळा डबा. झाकण काढलं की आत काच, हिरवी-जांभळी चमकते, पाण्यावर तेल सांडल्यासारखी. ताईंनी पांढरे हातमोजे घातले होते. “श्वासही लांबून घ्या. धुळीचा एक कण चालत नाही ह्याला.”

जानीचाचा म्हणाला, “धूल नक्को बोले तो चिकलठाना उठाके दुसरी जगा रखना पडता, बेटी.”

ताईंना बी हसू फुटलं. मला नाय.

नमुन्यादाखल दिलाय. एकच. २५ ऑक्टोबरला हॉलंडची माणसं येणार, नव्या डब्यावर बसवून बघणार, मग कायमचा करार. ताईंनी तो त्यांच्या खोलीतल्या कपाटात ठेवला. कुलूप घातलं, किल्ली खिळ्याला टांगली. आणि बजावलं — “खंडेनवमीच्या पूजेत हा ठेवायचा नाही. हळद नाही, कुंकू नाही, अक्षता नाहीत. कुणीही झाकण काढायचं नाही. साळूमावशी, ऐकलंत?”

मावशी म्हणाली, “पाव्हणा घरात आणि कुंकू नाय? बरं बाई.”

५ ऑक्टोबर

काल घट बसले. कामात लक्ष नाय. तीन पट्ट्या तिरक्या लावल्या. मावशीनं बोट फिरवून सांगितलं, “ह्या तिन्ही काढ. राग पट्टीत उतरवायचा नसतो.”

मग कुठं उतरवायचा?

११ ऑक्टोबर

आज खंडेनवमी. आज जे झालं ते नीट लिहितो, नायतर उद्या मलाच खोटं वाटेल.

आपल्या कारखान्यात पूजेची रीत अशी — सतरंजीवर सगळी हत्यारं मांडायची. मामाचे रंधे, पटाशा. चाचाच्या कानशी. आमची आरी, कात्री, खळीचं भांडं, जस्ताचा पत्रा. मधोमध कॅमेरे, भिंगाचं झाकण काढून. हे नानांच्या बायकोपासून चालत आलंय, म्हणजे भानुमतीबाईंपासून. त्या म्हणायच्या म्हणे, डोळा मिटलेला असला तर देवी दिसणार कशी? झाकण काढून वरच्या चौकटीला कुंकवाचं बोट टेकवायचं. त्या गेल्यापासून हे मावशी करते.

आम्ही लवकर पोचलो तर ताई आधीच आलेल्या. चक्क साडीत! एरवी पँट-शर्ट. एका कोपऱ्यात बसून होत्या, कुणाशी बोलल्या नाय. मावशी ताट घेऊन फिरली. दर वर्षासारखी ताईंच्या खोलीकडं बी गेली, उंबऱ्याला आणि कपाटाला कुंकू लावायला. एकटीच. बराच वेळ आत होती.

पूजा झाली. नारळ फुटला. मग नानांनी हात वर केला. तोंडातून शब्द ओढून काढल्यासारखे म्हणाले, “नवा… बी… आणा.”

ताई म्हणाल्या, “नको, नाना.”

“आणा.”

ताईंनी खिळ्यावरची किल्ली काढून कडूबामामाच्या हातात दिली. “तुम्हीच काढा.”

मामानं डबा आणला. हातमोजे घालून झाकण उघडलं. आणि तसाच उभा राहिला.

काचेवर कुंकू. नुसतं पडलेलं नाय, फासलेलं! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल. खिडकीशी नेऊन बघितलं तर काचेला बारीक चरे. बरबाद.

मामानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग चाचानं. मग सगळ्यांनी. ‘फुफाटा घालतो’ — माझेच शब्द माझ्याकडं चालत आले.

मी नाय केलं! ह्या कागदाला तरी पटू दे. मी नाय केलं.

पण मी बोललो नाय. मी मावशीच्या बोटांकडं बघत होतो. लाल. तिला दिसत नाय. कपाटाला लावता लावता… ‘पाव्हणा घरात आणि कुंकू नाय’ असं तीच म्हणाली होती. मी ‘मी नाय’ म्हणलो असतो तर पुढचा प्रश्न काय आला असता? मग कोण? आणि मग सगळ्यांनी तिच्या बोटांकडं बघितलं असतं. तिच्या डोळ्यांकडं बी.

दात आवळून उभा राहिलो.

१२ ऑक्टोबर

दसरा. कर्णपुऱ्याच्या जत्रेत कडूबामामा दिसला, बायकापोरांसंगं. आपट्याची पानं घेऊन पुढं गेलो. “मामा, सोनं घ्या.” म्हणाला, “ठेव तुझ्याजवळच.” आणि पाळण्याकडं बघत राहिला. माणसाच्या हातातलं सोनं सणाला घेत नाय म्हणजे काय!

पानं तिथंच चुरगाळली.

१४ ऑक्टोबर

ताई मला काहीच विचारत नाहीत. ह्याचा जास्त संताप येतो. मामानं सगळ्यांदेखत म्हणलं, “ताई, चोर घरचाच आहे. त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं.” ताई खाली बघून म्हणाल्या, “जाऊ द्या. कामाला लागा.”

जाऊ द्या? मी पुढं झालो. म्हणलं, “जाऊ द्या कशाला! पोलिसात द्या. काढून टाका. विचारा तरी!”

“मला कुणालाही काही विचारायचं नाही,” असं म्हणून आत निघून गेल्या. दार लावलं. तडकलेली काच अजून तशीच आहे.

ही माणसं फाशी बी देत नाहीत, सोडत बी नाहीत. चुलीवर नुसतं ठेवून देतात.

१५ ऑक्टोबर

चाचानं चहाचा कप माझ्यापुढं सरकवला. “तू किया क्या रे?”

“नाय चाचा.”

“फिर बोलता क्यूं नै?”

चहा प्यालो, कप धुऊन ठेवला.

१७ ऑक्टोबर

क्रांती चौकात मावशी जीपमधून उतरली. मी हात धरला. तिनं सोडवून घेतला.

म्हणाली, “एक विचारू? खरं सांगशील?”

मला वाटलं आता सांगेल. मनात उत्तर बी तयार केलं होतं. ‘असू दे मावशी, तू काय मुद्दाम केलंस का? मी कुणाला सांगणार नाय.’

तर म्हणाली, “का केलंस रे असं?”

कुणी तरी गाडीखाली ढकलल्यासारखं झालं. माझ्या तोंडून निघालं, “मी? मावशी, तू गेली होतीस खोलीत!”

“मी कपाटाला बाहेरून कुंकू लावलं. कुलपाला हात नाय लावला. किल्ली कुठं असते हे बी मला ठाव नाय. चाचपत बसले तेवढाच वेळ लागला.” मग — “तुझ्यावर आळ येऊ नये म्हणून मी कुणाला तुझं काय बोलले नाय. पण पोरा, आपल्या हातानं दुसऱ्याचा डोळा फोडायचा? असं शिकवलं का मी तुला?”

म्हणजे हिला वाटतं मी! सगळ्या जगाला वाटू दे, मामाला वाटू दे — हिला? हिच्यासाठी सहा दिवस शिव्या गिळल्या मी. दीड वर्ष हिचे डोळे झालो. आणि ही मला चोर समजून वर माझ्यावर उपकार करतेय!

बस आली. तिला चढवलं. मी चढलो नाय. चालत गेलो चिकलठाण्यापर्यंत. रस्ताभर शिव्या देत.

१८ ऑक्टोबर

दुपारी डबा खायला सगळे लिंबाखाली गेले. मी नाय गेलो.

जस्ताचा पत्रा काढला. मोठी कात्री घेतली. तुम्हाला भाता नको ना? नकोच ना? मग घ्या! आधी मधून कापला. आवाज झाला, दातांत गेला. मग अर्ध्याचे अर्धे. मग बोटाबोटाएवढे तुकडे. रेघा दिसत होत्या तोवर कापत राहिलो. माझ्या अंगठ्याचं रक्त लागलं. पुसलं नाय.

तुकडे मागं भट्टीपाशी नेले. चाचा पितळ पुन्हा वितळवतो तेव्हा त्यात थोडं जस्त घालावं लागतं. त्यासाठी त्यानं एक डबा ठेवलाय. त्यात टाकले.

हात धुतले. मोकळं वाटलं. खोटं कशाला लिहू, लई मोकळं वाटलं.

१९ ऑक्टोबर

चाचानं आज भट्टी लावली नाय. तुकडे डब्यात तसेच. काढून घ्यायचे असते तर घेता आले असते. दोनदा डब्याजवळून गेलो. नाय घेतले.

२० ऑक्टोबर

भट्टी लागली. चाचानं डबा वितळलेल्या पितळाच्या मुशीत उपडा केला. निळी-हिरवी झळ उठली, पांढरा धूर निघाला. “आज का जस्ता अच्छा है. कौन लाके डाला?”

म्हणलं, “पडलं होतं तिकडं.”

संध्याकाळपर्यंत पितळ ओतून झालं. उद्यापासून त्याच्या खुंट्या होतील. नव्या डब्याच्या.

२३ ऑक्टोबर

हॉलंडवाल्यांचं पत्र आलंय म्हणे. ताईंनी उद्या सकाळी सगळ्यांना बोलावलंय. चाचा म्हणतो, “ताला लगनेवाला दिखता.” मामा म्हणतो, “एकाच्या डोक्यातल्या राखेनं वीस घरांच्या चुली विझणार.” माझ्याकडं न बघता म्हणाला, पण ऐकू येईल असं.

विझू द्या. पिशवी भरून ठेवली आहे. सकाळच्या नांदेड गाडीनं जाणार होतो. आता ऐकूनच जातो.

२४ ऑक्टोबर

ताई नानांच्या खुर्चीला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, “डोळ्यात कुंकू मी सांडलं. खंडेनवमीला पहाटे एकटीच आले होते. बंदी मीच घातली आणि मलाच राहवलं नाही. मनात फार भीती होती. आई लावायची तसं झाकण काढून चौकटीला बोट टेकवलं. कुंकू आत पडलं. पदरानं पुसायला गेले तर सगळं फासलं, चरे पडले. तेरा दिवस मी एका माणसाला तुमच्यापुढं चोर ठेवलं. देगलूर, माझी चूक झाली.”

मामानं हातातला रंधा खाली ठेवला.

मग म्हणाल्या, “डोळा बिघडल्याचं मी कळवलं होतं. हॉलंडवाले आता येणार नाहीत. मीही त्यांच्या मागं जाणार नाही. आपल्या मापाची फिल्म अजून एक-दोन कंपन्या बनवतात, तिच्यावर काम करणारे थोडे उरलेत. आपणही थोडेच आहोत. भानुमती भात्याचीच राहील. चाळीस नाही, वर्षाला वीस करू, पण आयुष्यभर टिकतील असे. पहिले पाच भाते संक्रांतीपर्यंत.”

कडूबामामानं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. मावशी रडत होती. चाचपडत तिनं माझं मनगट धरलं. “चल रे. नमुन्याचा पत्रा काढ.”

सगळे माझ्याकडं बघून हसत होते. मी राग शोधला. इतके दिवस पोटभर होता. आज कणभर सापडला नाय.

“ताई,” म्हणलं, “मला बी सगळ्यांसमोर बोलायचंय.”